सातवा फर्मा दोनदा

काकू कोणाच्या काकू होत्या हे बायंडिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या मेव्हण्याच्या वडिलांनी ते बायंडिंग सुरू केलं तेव्हाच्या त्या पहिल्या कामगार, आणि तेव्हाही म्हणे त्या काकूच होत्या. उंची बेताची, आवाज खणखणीत, कमरेला निळा एप्रन, आणि उजव्या अंगठ्याला एक घट्टा, जो त्या अभिमानाने दाखवत. "हा माझा शिक्का," असं म्हणायच्या.

त्यांचं काम जुळणीचं. ज्यांनी पुस्तकं फक्त वाचली आहेत त्यांना हे सांगावं लागतं. छापखान्यातून मोठे कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं छापलेली. त्याच्या घड्या घातल्या की फर्मा तयार होतो. एका लांब टेबलावर पहिल्या फर्म्याची चळत, तिच्याशेजारी दुसऱ्याची, अशा ओळीने चळती मांडतात. काकू टेबलाभोवती फिरत आणि प्रत्येक चळतीतून एकेक फर्मा उचलत. फेरी पूर्ण झाली की हातात अख्खं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छोटी काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. जुळणी बरोबर असली तर कण्यावर त्या खुणांचा जिना दिसतो. काकू तो जिना एका नजरेत पाहत, अंगठा फिरवत आणि गठ्ठा शिलाईला सरकवत. पुढे कोणी तपासायचं नाही. काकूंनी पाहिलं म्हणजे पाहिलं.

मी औषधाच्या दुकानात बसणारा माणूस. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या कापतो. पण काकूंना टेबलाभोवती फिरताना बघितलं की मी हातातला चहा विसरायचो. घाई नाही, थांबणं नाही, आणि बोटाखाली कधी दोन फर्मे चिकटून यायचे नाहीत. बाकीच्या बायकांशी गप्पा चालू, कोणाच्या सासूची नक्कल चालू, आणि हात मात्र आपल्या कामात. एकदा मी विचारलं, "काकू, एवढी पुस्तकं जुळवलीत, वाचलं एखादं?"

"वाचायला लागले तर हात थांबेल ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचा. आम्ही वाचण्याजोगं करून देतो."

त्या बायंडिंगची एक रीत होती आणि ती काकूंनीच घातलेली. प्रत्येकीच्या जागेवर भिंतीत एक खिळा. एखादं पुस्तक चुकीचं निघून परत आलं, तर ते सुतळीने बांधून जिची चूक तिच्या खिळ्याला लटकवायचं. दंड नाही, ओरडा नाही. फक्त ते पुस्तक डोक्यावर लटकत राहायचं, दुसऱ्या कोणाची चूक निघेपर्यंत. नव्या मुली या रीतीला चळाचळा कापायच्या. काकूंच्या खिळ्याला मात्र आजवर काही लागलं नव्हतं. त्या नेहमी म्हणत, "माझ्या खिळ्याला पुस्तक लागलं, की त्या दिवशी एप्रन खाली." सगळे हसत. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा.

आता माझ्याकडे येतो, कारण गोंधळाचं मूळ मी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी भयकथा लिहायचो. लिहून लिहून संग्रह झाला, एका प्रकाशकाने छापला आणि बांधणीला मेव्हण्याकडेच आला. त्यातली 'बंद खोली' ही माझी लाडकी कथा. आई वारल्यावर तिची खोली बंद करून ठेवलेली असते आणि आतून कपडे झटकल्याचा आवाज येत राहतो. शेवटी मुलगी कडी काढते. दार उघडतं, आणि आत पांढऱ्या केसांची, रक्ताळलेल्या नखांची म्हातारी. ती किंचाळते ते चांगलं दीड पान. ते दीड पान मी जीव ओतून लिहिलं होतं.

पुस्तक बाहेर आलं, काही प्रती मी दुकानातच विकायला ठेवल्या आणि वाचकांची मतं माझ्या काउंटरवर येऊ लागली. औषध घेता घेता लोक मत देत. दातांचे डॉक्टर म्हणाले, "छान आहे, पण त्या म्हातारीला बघून मला हसू आलं." एकजण म्हणाला, भीती वाटली पण किमतीची. बायकोने तर आधीच निकाल दिला होता. "त्या म्हातारीच्या केसांना जरा तेल लावलं असतंत, तर बरी दिसली असती." मी मनाला लावून घेत नाही असं दाखवायचो. आतून मात्र जेवण जात नव्हतं.

मग एके सकाळी बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, पिठाने पांढरे हात, कोणाच्या बापाला न घाबरणारा. काउंटरवर दोन्ही हात टेकून तो हळू आवाजात म्हणाला, "शेठ, ती बंद खोलीची गोष्ट. काय लिहिलंय तुम्ही ते?"

"आवडली?"

"आवडली काय. आई दुसऱ्यांदा तेच बोलली ना, तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला. भट्टी तशीच सोडून मी आईला फोन लावला. म्हटलं, तू ठीक आहेस ना? ती म्हणाली, कामाच्या वेळेत फोन करतोस, तू ठीक आहेस ना?"

आई कुठे बोलते माझ्या कथेत, हे मला आठवेना. पण कौतुक चालू असताना मध्ये तोंड घालायची माझी सवय नाही. मी गंभीर मान हलवली.

पुढच्या आठवड्यात असे आणखी आले. एक शिक्षिका खोकल्याचं औषध घ्यायला आली आणि औषध विसरून बोलतच राहिली. "पहिल्यांदा मला वाटलं, गेलेली आई परत आली. दुसऱ्यांदा तेच वाक्य आलं तेव्हा कळलं, आई आहे तिथेच आहे, गेली आहे ती मुलगीच. तुम्हाला हे कसं सुचलं हो?" मी म्हटलं, सुचतं कधी कधी. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, त्याने तर पुस्तक बायकोकडे दिलं होतं आणि तिला विचारलं होतं, तू वाचतानाही आई दोनदा येते का बघ. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांचे आवाज खाली गेले होते, नजर कुठेतरी दूर लागली होती. माझी छाती फुगली होती हे खरं, पण ही माणसं वाचत होती ते मी लिहिलेलंच नव्हतं.

उलगडा केला तो निवृत्त मुख्याध्यापकांनी. ते आले ते छत्री आपटत. "तुम्ही मला अर्धवट पुस्तक दिलंत. ऐंशीनंतर एकदम सत्त्याण्णव. सोळा पानं गायब आणि पुढची सोळा दोनदा. वाचक म्हणजे काय मूर्ख असतो?" एवढ्या वाचकांत पानांचे आकडे बघणारे ते एकटे. मी त्यांना बरोबर प्रत दिली, माफी मागितली आणि त्यांची प्रत ठेवून घेतली.

दुपारी शटर अर्धं ओढून मी ती वाचली. ऐंशीव्या पानाच्या शेवटी मुलगी कडी काढते आणि दार उघडतं. पान उलटलं. सहावा फर्मा नव्हताच, म्हणजे माझी म्हातारी, तिची नखं, दीड पानाची किंचाळी, सगळं गेलं होतं. तिथे सातवा फर्मा होता. तो सुरू होत होता 'दुपार' नावाच्या कथेच्या मधूनच. ही कथा मी पानं भरायला घातली होती, कारण प्रकाशकाला पुस्तक जाड हवं होतं. विस्मरण झालेली आई, तिला भेटायला येणारी मुलगी. भुताचा पत्ता नाही. पान म्हणत होतं: आत आई बसली होती, कपड्यांच्या घड्या घालत. वर न बघता म्हणाली, "आलीस? दार लाव, वारा येतो." मग ते दोघींचं साधं बोलणं, तो चहा, ती न संपणारी दुपार. आणि फर्म्याच्या शेवटच्या ओळीत मुलगी निघायला म्हणून दाराशी येते, कडीला हात लावते. पान उलटलं. आत आई बसली होती, कपड्यांच्या घड्या घालत. वर न बघता म्हणाली, "आलीस? दार लाव, वारा येतो."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी, गोळ्यांच्या बरण्यांमध्ये बसून, स्वतःच्या पुस्तकाला मी घाबरलो. सोळा पानांचा हिशेब असा नेमका दारापाशी कसा येऊन थांबला, हे मला अजून कळलेलं नाही.

रात्री बायकोने वाचलं. पुस्तक मिटून तिने बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय?"

"अर्धंच. बाकीचं बायंडिंगमध्ये झालंय."

"मला वाटलंच." आणि मग एकदम तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "अहो, म्हणजे काकूंच्या हातून?"

दोघांच्याही डोळ्यांसमोर तो खिळा आला. बायको म्हणाली, सांगू नका. सकाळी मेव्हण्याला गाठलं तर तोही तेच म्हणाला. "भाऊजी, प्रत जाळून टाका. काकू गेल्या तर माझं टेबल गेलं. टेबलाचं जाऊ दे, मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय." आम्ही दोघे दारातच कुजबुजत होतो. पण काकूंचे कान काही म्हातारे झाले नव्हते.

"लेखक, पिशवीत काय आहे?"

"काही नाही काकू, औषधं."

"माझं पुस्तक परत आल्याचं ऐकलंय मी. बेकरीत सगळे बोलतायत, दोनदा, दोनदा. द्या इकडे."

मी दिलं. त्यांनी आधी अंगठा फिरवला, मग पानं चाळली, आणि मग पुस्तक घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. तेव्हा मला कळलं, आणि मला वाटतं तिथल्या सगळ्याच बायकांना कळलं. त्यांना ते अक्षर दिसत नव्हतं. सातव्याची चळत कोणीतरी चुकून सहाव्याच्या जागी ठेवली होती, एवढंच झालं होतं. एरवी जिन्याची एक पायरी गेलेली त्यांना पाठमोरं असतानाही दिसली असती.

"सातवा दोनदा," त्या म्हणाल्या. "सहावा नाही."

 त्यांनी सुतळी घेतली, पुस्तक बांधलं आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या खिळ्याला लटकवलं. मग एप्रन सोडला, त्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. मेव्हणा त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावला आणि हात हलवत परत आला.

मी त्यांच्या घरी गेलो. एका भाचीकडे त्या राहायच्या, मागची खोली, स्वच्छ, एक पलंग आणि एक खुर्ची. मजा म्हणजे खोलीत एकही पुस्तक नव्हतं. मी बेकरीवाल्याचं सांगितलं, शिक्षिकेचं सांगितलं, मी स्वतः कसा घाबरलो ते सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"तुम्ही चांगले आहात," त्या म्हणाल्या. "पण पडलेल्या पोराला लागलं नाही, लागलं नाही म्हणतात ना, तसलं माझ्याशी बोलू नका."

"काकू, डोळ्यांचं कधीपासून?"

"बरेच महिने झाले. धूर धूर दिसतं. म्हटलं, हाताला ठाऊक आहे सगळं, हात करेल." त्यांनी घट्टा पडलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. "हाताने फसवलं."

"मोतीबिंदू आहे. साधी शस्त्रक्रिया असते. मी स्वतः घेऊन जातो."

"डोळे येतील हो परत. खिळ्याचं काय?"

यावर माझ्याकडे औषध नव्हतं. पण जाता जाता त्यांनीच एक अट घातली. सगळ्या चुकीच्या प्रती परत मागवा, मी एकेक नीट जुळवून देते, लोकांचं देणं फेडते आणि मग घरी बसते. मी लगेच हो म्हटलं, कारण शस्त्रक्रियेला त्या तयार झाल्या त्या याच एका कारणासाठी.

डोळ्यांचं काम उत्तम झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी भाचीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू एवढी बारीक कधी झालीस?" मी दुकानाबाहेर पाटी लावली, की चुकीची प्रत आणा आणि बरोबर घेऊन जा. मेव्हण्याने सहाव्या फर्म्याचे उरलेले गठ्ठे शोधून काढले. काकू बायंडिंगमध्ये आल्या, पण एप्रन बांधला नाही. पाहुण्यासारख्या खुर्चीवर बसल्या. समोर चळती तयार, डोक्यावर लटकणारं पुस्तक, आणि त्या वाट बघत बसल्या.

एकही प्रत आली नाही.

बेकरीवाला पाटी वाचून आत आला आणि म्हणाला, "माझी बरोबरच आहे, मी देत नाही." शिक्षिका म्हणाली, दुसरी चुकीची मिळेल का, बहिणीला हवी आहे. दातांचे डॉक्टर चिडून आले, त्यांच्या वाट्याला बरोबर प्रत आली म्हणून. मी सगळं काकूंना जाऊन सांगायचो आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की मला पुढचं वाक्य गिळावं लागायचं. नवे डोळे, आणि त्यात विश्वास म्हणून नाही. "लेखक, गोष्टी तुम्ही कागदावर लिहा," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तर मी निघते. उगाच खुर्ची अडवून काय करू."

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बायका कामं करत होत्या, पण सासूची नक्कल कोणी करत नव्हतं.

दुपार उलटल्यावर दारात छत्री आपटल्याचा आवाज झाला. निवृत्त मुख्याध्यापक. म्हटलं, एवढं एकच बाकी होतं.

"जुळणी कोण करतं इथे?" त्यांनी विचारलं.

काकू उठल्या. "मी करत होते. तुमची प्रत माझ्याच हातची. माफी असावी."

"माफीचं राहू द्या. मला दुसरी मिळाली ती मी वाचली. बरोबर आहे, पानं सगळी आहेत. दार उघडतं, म्हातारी येते, किंचाळते. मी चहा पीत होतो, तो पीतच राहिलो."  माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "माझ्या आईला शेवटी काही आठवत नसे. मी शाळेतून घरी आलो की म्हणायची, आलास? पिशवी ठेव तिकडे. पाच मिनिटांनी परत, आलास? पिशवी ठेव तिकडे. मी चिडायचो. मास्तर माणूस, मला तेच तेच सहन व्हायचं नाही. ती गेली त्यालाही आता खूप काळ झाला. तुमच्या त्या पुस्तकात पान उलटलं आणि आई परत तेच म्हणाली, तेव्हा मी आधी चिडलो, तसाच. आणि तसाच तावातावाने ती प्रत परत करून आलो." त्यांचा आवाज खाली आला. "घरी गेल्यावर कळलं मी काय परत करून आलो ते. माझी प्रत मला हवी आहे."

 काकूंनी हळूच वर बघितलं. सगळ्या बायंडिंगने वर बघितलं. खिळ्यावरची प्रत वाऱ्याने जराशी फिरत होती.

"ती चुकीची आहे," काकू म्हणाल्या. "तिच्यात सोळा पानं कमी आहेत."

"माहीत आहे मला. मीच मोजली."

"मी मुद्दाम नाही केलं ते. मला दिसलं नाही, म्हणून झालं. कौतुक करू नका."

"मी कौतुक करायला आलेलो नाही, बाई. माझं पुस्तक न्यायला आलोय."

आजवर त्या खिळ्यांवरून पुस्तक उतरलं ते दुसरीची चूक निघाली म्हणूनच. पुस्तकाच्या मालकाने येऊन ते परत मागितलं, असं कधी झालं नव्हतं. काकू स्टुलावर चढल्या, मेव्हण्याने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला. सुतळीची गाठ सोडली आणि पुस्तक खाली घेतलं. खिडकीपाशी नेलं. या वेळी डोळ्यांजवळ धरायची गरज नव्हती. कण्यावरचा जिना आता पुठ्ठ्याआड होता, पण पायरी चुकली तिथेच त्यांनी नेमका अंगठा ठेवला. मग ऐंशीवं पान काढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. आम्ही कोणी त्यांना कधी पुस्तक वाचताना बघितलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. पानं उलटत गेली, आणि सातवा फर्मा संपून परत सुरू झाला तेव्हा त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावरून मला सगळं दिसलं. त्या घाबरल्या होत्या. त्यांनी पटकन दाराकडे बघितलं, जसं मी माझ्या दुकानात बघितलं होतं.

"लेखक," त्या म्हणाल्या, "हे माझ्या हातून झालं?"

"हो काकू."

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग पुस्तक मिटून मुख्याध्यापकांना द्यायला गेल्या आणि मधेच थांबल्या. सुतळीने पुठ्ठ्याचा एक कोपरा उचकटला होता. "असं कसं देऊ?" त्या म्हणाल्या. "बसा पाच मिनिटं." घडी घातलेला एप्रन टेबलावर होता तसाच होता. त्यांनी तो झटकला, कमरेला बांधला, गोंदाची वाटी ओढली आणि कोपरा बसवला. मुख्याध्यापक छत्री मांडीवर ठेवून मुलासारखे बसून होते.

पुस्तक घेऊन ते गेले. काकूंनी हात पुसले, रिकाम्या खिळ्याकडे एकदा बघितलं आणि बायकांना म्हणाल्या, "चळती नीट लावा. आज कोणाची सासू राहिली आहे?" एप्रन त्यांनी सोडला नाही.